अर्धा अध्याय अंगणात

मंजुळाबाईला गाडीची भीती वाटते, हे उंद्रीच्या शिवारात कुणाला सांगावं लागत नसे. लग्न होऊन आली तेव्हा तुळशीरामने नवी मोटरसायकल घेतली होती. तेव्हापासून ती त्या गाडीवर एकाच पद्धतीने बसत आली: पाय एका बाजूला, नवऱ्याचा शर्ट मुठीत आणि डोळे गच्च मिटलेले. चिखलीला जाऊन आली तरी वाटेत काय दिसलं ते तिला सांगता येत नसे. तुळशीरामचे सगळे शर्ट पाठीमागे एकाच जागी चुरगळलेले असत. त्याला त्याचा राग नव्हता, उलट चार माणसांत तो मिरवायचा, "आमची मंडळी गाडीवर बसली का समाधीच लावते."

तर अशा बाईवर यंदा स्कूटी चालवायची वेळ आली, आणि ती आणली तुळशीरामनेच. दसऱ्यानंतर वांग्याला पाणी देताना गृहस्थ चिखलात असा काही घसरला की पायाचं हाड मोडलं. गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर. डॉक्टरांनी खाटेवरून हलायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा तुळशीराम पायापेक्षा वाफ्यांकडे बघून हळहळला.

वाफे म्हणजे मंजुळाबाईचा जीव. बाकीच्या रानात सोयाबीन, तूर, जे काय असेल ते नवऱ्याचं. पण विहिरीजवळचा तुकडा तिचा. वांगी, मेथी, मिरची आणि सांबार. पुण्यामुंबईचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो सांबार. रोज सकाळी तुळशीराम माल मोटरसायकलवर बांधून उंद्रीच्या स्टँडवर न्यायचा आणि तिथून गोकुळचा पिकअप तो चिखलीच्या बाजारात पोचवायचा. आता नेणार कोण? मळ्यापासून गावापर्यंत आधी पांदणीची कच्ची वाट, मग डांबरी रस्ता. ऑटोवाला पांदणीत यायला तयार नाही. मुलगी संजीवनी बुलढाण्याला दवाखान्यात नर्स, ती आठवड्यातून एकदा येणार.

तुळशीरामने खाटेवर पडल्या पडल्या तोड काढली. शेजारच्या महादेवरावांना बोलावून तो तुकडा बटाईने, म्हणजे वाट्याने कसायला द्यायचा.

"महादेवराव हरभरा पेरतीन त्याच्यात," मंजुळाबाई म्हणाली.

"पेरू दे. इलाज काय?"

"माही वांगी उपटून?"

"मंग माल काय डोक्यावर नेतं का तू?"

 गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली संजीवनीची जुनी स्कूटी उभी होती. तिच्याकडे मंजुळाबाईने एकदा पाहिलं, लगेच नजर वळवली, आणि पुन्हा पाहिलं.

संजीवनीने आईला खळ्यात शिकवलं. आधी तिचं शिकाऊ लायसन काढून आणलं, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि मग गाडीला हात लावू दिला. मुलगी आईच्या वरताण हट्टी. मंजुळाबाई खळ्यात गोल गोल फिरायला लागली. कोंबड्या उडाल्या, कडब्याच्या गंजीला दोनदा धडक बसली, आणि खाटेवरून तुळशीराम ओरडत राहिला, "ब्रेक! अवं, ब्रेक!" शेवटी गाडी तिच्या हाताखाली आली. पांदणीतही चालली. पण डांबरी रस्त्याच्या तोंडाशी आली की बाईचे हात थंडगार. पलीकडून एखादा कापसाचा ट्रक घोंगावत गेला की तिचे डोळे सवयीने मिटायला लागत. आणि चालवणाऱ्याने डोळे मिटून कसं चालेल? संजीवनी बुलढाण्याला परत गेली तेव्हा आई रस्त्याच्या तोंडापर्यंतच शिकलेली होती.

त्या संध्याकाळी मंजुळाबाई देवळात गेली. मळ्याच्या वाटेवर लिंबाजीबाबांची समाधी आहे, आणि बाबांच्या कुण्या जुन्या भक्ताने रचलेली त्यांची पोथी तिथे बाया आळीपाळीने वाचतात. वाचण्यात सगळ्यांत मोठा मान सत्यभामाबाईंचा. वयाने मोठ्या, आवाज खणखणीत आणि शिस्त पोलिसाची. पोथीचा अध्याय एकदा उघडला की मध्ये सोडायचा नाही, मध्ये बोलायचंही नाही. घरी पाहुणा आला तरी हातानेच बस म्हणून खुणावायचं. अर्धा सुटला तर पुन्हा पहिल्या ओवीपासून. एकदा वाचताना सत्यभामाबाईंच्या पायावरून विंचू गेला म्हणतात, आणि त्यांनी अध्याय संपवून मगच किंकाळी फोडली.

त्या दिवशी अकरावा अध्याय होता. घरच्या पोथीत वाचून मंजुळाबाईला तो तोंडपाठ, तरी तिने हात जोडून ऐकला. एका गाडीवानाला रात्रीच्या अंधारात घाट उतरायचाय. बैल बुजलेत, त्याचे हात कापताहेत, तो बाबांना म्हणतो, तुम्ही हाका. आणि बाबा काय करतात?

*मागे चढोनि सत्वरा । बाबा म्हणती गा लेकरा ।*
*हाती धरी तूचि कासरा । हाक गाडी ॥*

"पाह्यलं का," सत्यभामाबाई पोथी बांधताना म्हणाल्या, "बाबा गाडीत बसले, पन कासरा नाई घेतला हातात. घाट त्यानंच उतरला. खाली येऊन मांगं पाह्यते, तं कोनीच नाई."

हे मंजुळाबाईने किती वर्षं ऐकलं असेल! पण त्या दिवशी ते तिच्यासाठीच सांगितल्यासारखं वाटलं, आणि घरी येताना तिला मध्येच रडू आलं. रडून झाल्यावर हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोतं पायाशी, एक मागे बांधून ती निघाली. रस्त्याच्या तोंडाशी थांबली, हेल्मेटच्या आत अकरावा अध्याय सुरू केला आणि डांबरावर चढली. हेल्मेटमध्ये स्वतःचा आवाज असा घुमत होता, की तिला देवळात बसल्यासारखं झालं. ट्रक आले, गेले. हात कापले नाहीत. बाईला इतका आनंद झाला, की तिने आवाज चढवला.

आणि घोळ झाला. अकरावा अध्याय लांबलचक, उंद्री जवळ. स्टँड आला तेव्हा गाडीवानाचे बैल नुकते कुठे बुजले होते. पिकअपजवळ उभ्या गोकुळने हात केला, "काकू, इकडे! ओ काकू!" मंजुळाबाईने त्याला पाहिलं. पण अध्याय मध्ये कसा सोडायचा? तिने हातानेच त्याला थांब म्हणून खुणावलं आणि त्याच्या समोरून, त्याच वेगाने, चिखलीच्या रस्त्याला निघून गेली. गोकुळ तोंड उघडं ठेवून बघत राहिला. गाव संपलं, तुरीची रानं लागली, पुढचा फाटा गेला, पेट्रोलपंप गेला. घाट उतरला, बाबा अदृश्य झाले, गाडीवान धाय मोकलून रडला, फलश्रुती झाली. तेव्हा कुठे मंजुळाबाईने एका अनोळखी ढाब्यासमोर ब्रेक दाबला आणि मोठ्याने "लिंबाजीबाबा की जय" म्हटलं. चहा पिणाऱ्या दोघातिघांनी घाबरून जय म्हटलं. मग ती गाडी वळवून परत आली.

दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या शिवारात झाली होती. तुळशीराम हसून हसून खाटेवर आडवा झाला, पाय दुखायला लागला तरी थांबेना.

"पोथी देवळात ठीक आहे," डोळे पुसत तो म्हणाला, "रस्त्यावर ब्रेक लागते."

"लागला ना ब्रेक. अध्याय झाल्यावर लागला."

"आन उद्या बारावा धरला तं? मेहकरले जातं का मंग?"

मंजुळाबाईने त्याच्यापुढे चहा आदळला, पण रात्री अंथरुणावर तिलाही हसू आवरेना. तोड मात्र तिने काढली. दुसऱ्या दिवसापासून अध्यायाची सुरुवात ती अंगणातच करू लागली. पोती बांधून, हेल्मेट हातात घेऊन तुळशीपुढे उभी राहायची. पहिला अर्धा भाग तिथे म्हणायचा आणि बैल बुजायच्या वेळी गाडीला किल्ली लावायची. पांदण, डांबरी रस्ता, पुलाचा उतार, आणि उंद्रीच्या स्टँडवर बरोबर फलश्रुती. गोकुळ जयजयकार ऐकला की पिकअपचं मागचं फळकं खाली पाडायचा.

तुळशीराम खाटेवरून हे रोज बघायचा. बघायचा म्हणजे तोंड फिरवून पडलेला असायचा. देवळात पोथी सुरू झाली की हा माणूस पहिल्या पाच ओव्यांत डुलक्या घेणार आणि प्रसादाला बरोबर जागा होणार, अशी त्याची ख्याती. बायको अध्याय म्हणायला लागली की तो चादर डोक्यावर घ्यायचा. तिच्या एकटीच्या जाण्यावर त्याचा काही विश्वास बसला नव्हता, आणि महादेवरावांचा विषय त्याने सोडला नव्हता.

"हे पाह्य," तो एकदा म्हणाला, "ज्या दिवशी तुहा माल घरी वापस आला, त्या दिवशी महादेवरावले माहा होकार. मंग कटकट नाई करायची."

"नाई करनार," मंजुळाबाई म्हणाली. पण त्या रात्री तिने वाफ्यांवरून एक चक्कर उगीचच मारली.

पुढचे काही दिवस बरे गेले. मग पुलाच्या उतारावर रस्त्याचं काम निघालं. डांबर उकरून टाकलं, त्यावर गिट्टी पसरली, आणि काम करणारे कुठे गेले ते बाबांनाच ठाऊक. गाड्या घसरायला लागल्या. मंजुळाबाई पाय टेकवत टेकवत उतरायची, ओवी जरा जोरात म्हणायची.

एका सकाळी ती उताराच्या माथ्यावर आली तर कडेला दुसरी एक स्कूटी उभी. शेजारी सुचिता. उंद्रीच्या अंगणवाडीत नव्याने लागलेली, जळगाव जामोदकडची मुलगी. पलीकडच्या वस्तीवर भाड्याच्या खोलीत एकटी राहते. आदल्या दिवशी ती याच उतारावर पडली होती. कोपराला पट्टी होती, आणि आता ती हँडल धरून नुसती उभी होती.

"काकू," ती म्हणाली, "मले काही उतरता येऊन नाही राह्यलं. किती वेळची उभी आहो."

मंजुळाबाईच्या तोंडात अध्याय चालू होता. नेमकी तीच जागा. बाबा गाडीत चढणार होते. तिने सवयीने हात वर केला. थांब. अध्याय संपू दे.

सुचिताने मान हलवली आणि खाली बघितलं. तिचे हात हँडलवर थरथरत होते, आणि ते हात मंजुळाबाईने ओळखले. रस्त्याच्या तोंडाशी तिचे स्वतःचे असेच व्हायचे. अध्याय संपायला उंद्री यावी लागणार होती, आणि पोर इथे उभी होती.

मंजुळाबाईने गाडी बाजूला लावली. हेल्मेट काढलं.

"काऊन वं, पडली होती ना काल?" ती म्हणाली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं की अध्याय मोडला.

"हो. तुम्हीच न्या ना माझी गाडी खाली. मी पायी येते."

मंजुळाबाईला सहज नेता आली असती. तसं तिच्या मनातही आलं. पण मग उद्या? परवा? ती सुचिताच्या मागे जाऊन बसली, पदर खोचला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी मांगं बसली हाय. तूच चालव."

"काकू, नको. तुम्हालेही पाडीन मी."

"पाडशीन तं पडू दोघी. हळू सोड. पाय टेकव. ब्रेक एकदम नको दाबू. हां. चाल."

गिट्टी कराकरा वाजली. एकदा मागचं चाक सरकलं, सुचिता किंचाळली, आणि मंजुळाबाईने खांद्यावरचा हात तसाच ठेवला. डोळे मिटले नाहीत. खाली पुलावर पोचल्यावर सुचिता उतरली, हसली आणि रडायला लागली, हे दोन्ही एकदम. मंजुळाबाईने तिचं तोंड पदराने पुसलं. "जाय आता. लेकरं वाट पाहत असतीन," असं म्हणून ती उतार पुन्हा पायी चढून वर आली.

हे सगळं होईतो उशीर झाला होता. ती स्टँडवर पोचली तेव्हा पिकअपची जागा रिकामी. पानठेल्यावाला म्हणाला, "गोकुळ आताच गेला. लय थांबला तुमच्यासाठी, पन बाजार निघून जाते म्हने."

 पायाशी सांबाराचं पोतं, मागे वांगी. माल घरी वापस आला तर काय ठरलंय ते तिला पाठ होतं. तिला वाफे दिसले, त्यात नांगर दिसला. मग तिने गाडी वळवली नाही. सरळ चिखलीच्या रस्त्याला घातली.

रस्ता ओळखीचा होता, एकदा चुकून येऊन गेली होती ना! तुरीची रानं गेली. ट्रक समोरून आला, तिने गाडी कडेला घेतली आणि पुन्हा रस्त्यावर आणली. पुढच्या फाट्यावर गोकुळ दुसऱ्या कुणाची मिरची भरून घेत होता, त्याने मान वर केली.

"काकू! आज अध्याय कुठवर हाय?"

"गुमान पोते घे," मंजुळाबाई म्हणाली.

पोती चढली, पिकअप गेला आणि ती रस्त्याच्या कडेला एकटी राहिली. तेव्हा तिला भान आलं. उतारापासून इथपर्यंत तिच्या ओठांवर काहीही नव्हतं. एक ओवी नाही, बाबांचं नाव नाही. अध्याय ऐन बाबा गाडीत चढायच्या जागी सोडून दिला होता, आणि नंतर पुन्हा सुरूही केला नव्हता. बाबांना तिथेच घाटात उभं करून ही बया चिखलीच्या रस्त्याने सुटली होती! घरी येताना भीती रस्त्याची वाटली नाही, पण मनाला मोठी रुखरुख लागली. काही वाईट होणार असेल तर आज होईल, असं तिला वाटत राहिलं.

अंगणात शिरली तर महादेवराव खाटेशेजारी खुर्ची टाकून बसलेले. उशीर झाला म्हणून माल परत येणार, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. तुळशीरामचा चेहरा उतरलेला होता. गाडीचा आवाज ऐकून त्याने मान एकदम वर केली. आधी तिच्याकडे पाहिलं, नखशिखांत, आणि मग गाडीकडे.

गाडी रिकामी होती.

"माल गेला," मंजुळाबाई म्हणाली. "गोकुळले फाट्यावर गाठलं."

महादेवराव भला माणूस. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, "मंग माहं काय काम इथं," म्हणाले, आणि चहा घेऊन, वर भरल्या वांग्यांसाठी चांगली निवडक वांगी पिशवीत घेऊन गेले.

ते गेल्यावर मंजुळाबाई खाटेच्या काठाला बसली आणि तिने सगळं सांगितलं. सुचिता, उतार, मोडलेला अध्याय. 

"सत्यभामाबाईले कसं सांगू मी? अर्धा अध्याय सोडला. बाबाले गाडीत चढू बी नाई देल्लं."

"चढले बाबा," तुळशीराम म्हणाला.

"काय?"

"चढले. घाट बी उतरला. फलश्रुती झाली." तो छपराकडे बघत होता. "तू फाटकाच्या बाहेर गेली का आवाज येनं बंद होते. मंग पुढचं मी म्हनतो. रोज."

 "तुमाले येते? तुमी तं झोपता देवळात."

"झोपतो. पन कान उघडे राह्यतेत ना! आन मधातलं काही विसरलं तं तुह्या पोथीत पाहून घेतो. उशीखाली हाय." त्याने चादरीचा काठ उगीच सारखा केला. "करू काय मंग मी? तू तिकडं ट्रकात, मी इथं खाटेवर. मले भेव वाटते, मंजुळे. तुले पडू देऊ नको म्हनतो बाबाले. आज उशीर झाला तं तीन डाव म्हटला."

 मंजुळाबाईने उशीखाली हात घातला, पोथी काढली, कपाळाला लावली आणि मग त्याच हाताने नवऱ्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. बटाईचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा थंडी पडायला लागली होती. पायात अजून जोर नव्हता, मोटरसायकलची किक मारणं तर दूरच. चिखलीला डॉक्टरांकडे दाखवायला जायचं होतं. संजीवनी फोनवर म्हणाली, मी येते, गाडी ठरवू. तुळशीराम म्हणाला, काही गरज नाही.

मंजुळाबाईने स्कूटी अंगणात काढली. तुळशीराम काठी टेकत आला आणि मागे बसला, पाय एका बाजूला सोडून, कारण मोडलेला पाय अजून वळत नव्हता. काठी मांडीवर आडवी धरली. दुसऱ्या हाताने तिच्या पाठीवरचा पदर मुठीत घेतला.

"अध्याय?" त्याने विचारलं.

"तुमी म्हना. मले रस्ता पाहा लागते."

पांदण संपली. डांबरी रस्त्यावर चढताना एक ट्रक अगदी जवळून गेला आणि तिच्या पाठीवरची मूठ घट्ट झाली.

"डोये उघडे हायेत ना तुमचे?" तिने विचारलं.

मागून उत्तर आलं नाही. अध्याय चालू असताना बोलायचं नसतं. तिच्या मानेजवळ फक्त एक पुटपुट ऐकू येत होती, आणि ती बाबा गाडीत चढतात तिथवर आली होती. मंजुळाबाईने गाडी उताराला लावली.